जॉबवर्कला पिस्तुलाचा पार्ट आला तर? थ्रीडी प्रिंटर, गावठी कट्टे आणि आपला कायदा

लेथवाला_कुपवाड
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं सीएनसी मिलिंग यंत्र) आणि गेल्या दिवाळीपासून एक थ्रीडी प्रिंटर (फाईलवरून थरावर थर देत वस्तू बनवणारं यंत्र). पंपाचे पार्ट, फाउंड्रीचे पॅटर्न, द्राक्षबागेच्या ब्लोअरचे नोझल, असली नेहमीची कामं.

मागच्या महिन्यात वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. "प्रोजेक्ट आहे, एकच पीस पाहिजे, पैसे रोख देतो." फाईल उघडली तर पिस्तुलाची मूठ आणि सांगाडा सरळ ओळखू येत होता. बिल नको म्हणाला. कॉलेज विचारलं तर उत्तर नाही. मी काम नाकारलं, पेन ड्राइव्ह परत दिला, तो निघून गेला.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आपल्या भागात कट्टा सापडल्याची बातमी नवी नाही. इस्लामपूर, कराड, फलटण, मिरज, पेपर उघडला की "एक पिस्तूल, दोन जिवंत काडतुसं हस्तगत". पण ते सगळं बाहेरून येतं असं आपण धरून चालतो. उद्या ते आमच्याच शेडमध्ये बनायला लागलं तर? नुसता पार्ट केला तर गुन्हा होतो का? माझं स्पष्ट मत आहे की सीएनसी आणि प्रिंटरवर जॉबवर्क करणाऱ्या प्रत्येकाला गिऱ्हाइकाची नोंदवही सक्तीची करावी. तुम्हाला काय वाटतं?

कराडचा_बंड्या
वाचतोय. गंभीर विषय आहे, चांगला धागा.

साताऱ्याची_वकील
दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शस्त्र अधिनियम १९५९ मध्येच आहे आणि ते अगदी स्वच्छ आहे. या कायद्यात "शस्त्र" म्हणजे फक्त पूर्ण बंदूक नाही. शस्त्राचे भाग आणि शस्त्र बनवण्याची यंत्रसामग्री, दोन्ही व्याख्येत आहेत. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, तपासून देणं, सगळंच बंद. ते लोखंडाचं आहे की प्लास्टिकचं, भट्टीत बनलं की प्रिंटरवर, असा भेद कायदा करत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा फार कडक झाली. विनापरवाना बनवणं आणि विकणं याला पूर्वी तीन ते सात वर्षं होती. आता किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. नुसतं जवळ बाळगलं तरी दोन ते पाच वर्षं. बंदी असलेल्या प्रकारातलं हत्यार असेल तर सात ते चौदा.

आता नीट वाचा. कलम ३६ प्रमाणे या कायद्याखालचा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा दंडाधिकाऱ्यांकडे खबर देणं बंधनकारक आहे. न देण्याला सबळ कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याच्यावरच. तुमच्याकडे तर काही बनलंच नाही, त्यामुळे तुम्ही कशात अडकत नाही. पण तो मुलगा पुढच्या शेडमध्ये गेला असेल. लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचं फुटेज वेगळं काढून ठेवा.

कृष्णाकाठ
एवढा बाऊ कशाला? प्लास्टिकची बंदूक एक बार काढेल आणि बनवणाऱ्याचीच बोटं घेऊन जाईल. इथे कट्टा सहज मिळतो, प्रिंटरच्या भानगडीत पडेल कोण?

निवृत्त_हवालदार
कृष्णाकाठ साहेब, अर्धं बरोबर बोललात. मी नोकरीतली बरीच वर्षं सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत काढली. पकडलेल्या कट्ट्यांपैकी किती तर हातात घ्यायलाही भीती वाटायची असे. पण "हे वाईट बनतं, म्हणून धोका नाही" हे मला पटत नाही. कट्टासुद्धा वाईटच बनतो. तरी माणसं मरतात.

कट्ट्याची वाट सांगतो, म्हणजे फरक कळेल. मध्य प्रदेशच्या सीमेवर, आपल्या चोपड्याच्या पलीकडे उमरटीचा पट्टा आहे. महाराष्ट्रात पकडलेली कितीतरी पिस्तुलं तिथूनच येतात. बनवणारा तिथे, आणणारा दुसरा, मधला दलाल तिसरा, आणि शेवटी इथला पोरगा, ज्याला कमरेला लावून रील टाकायची असते. या साखळीत प्रत्येक ठिकाणी माणूस आहे. माणूस आहे म्हणून खबऱ्या आहे, मोबाईल आहे, एसटी स्टँड आहे. आम्ही पकडायचो ते या जोरावर. घरी बनणाऱ्या बंदुकीत ही साखळीच नाही. एक खोली, एक यंत्र, एक माणूस. तिथे खबर देणार कोण? मला भीती आहे ती याची.

माणदेशी_पोरगा
हवालदार काका, एकदम बरोबर बोल्लासा. आमच्याकडं तर पोरं वाढदिवसाला तलवारीनं केक कापत्यात आन् मग ठाण्यात कान धरून उभी ऱ्हात्यात. उद्या कापायला प्रिंटरची बंदूक आणत्याल 😀

संपादक_मंडळ
सूचना: धाग्यात कुठल्याही फाईलचे दुवे, मॉडेलची माहिती किंवा बनवण्याचे तांत्रिक तपशील देऊ नयेत. असा एक प्रतिसाद उडवला आहे. कायदा, अनुभव, मतं यांवर मोकळेपणाने लिहा.

मिरजेची_मैत्रेयी
मी सध्या टेक्सासमध्ये असते, म्हणून इकडचं थोडं सांगते. हा सगळा प्रकार जगासमोर आला तो इथूनच. मे २०१३ मध्ये कोडी विल्सन नावाच्या माणसाने प्रिंटरवर बनवलेलं एका गोळीचं पिस्तूल झाडून दाखवलं आणि त्याच्या फाईल नेटवर टाकल्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने काही दिवसांत त्या काढायला लावल्या, पण तोवर दोन दिवसांत लाखभर वेळा उतरवून झाल्या होत्या. नेटवरची गोष्ट परत घेता येत नाही, हे तिथेच सिद्ध झालं.

इथला कायदा मुळातच वेगळा आहे. स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक बनवायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही, विकायची असेल तर लागतो. त्या फटीतून अर्धवट तयार सुट्या भागांचे किट विकायचा धंदाच उभा राहिला. नंबर नाही, विकत घेणाऱ्याची तपासणी नाही. २०२१ या एका वर्षात पोलिसांनी गुन्ह्यांच्या तपासात शोधासाठी पाठवलेल्या अशा बिननंबरी बंदुका वीस हजारांच्या आसपास होत्या. २०२२ मध्ये सरकारने नियम केला की किटलाही नंबर हवा आणि घेणाऱ्याची तपासणी हवी. त्यावर खटला झाला आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी नियम उचलून धरला.

इथे माझा मुलगा शाळेत जातो. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं म्हणून वर्षातून काही वेळा त्याला वर्गाचं दार लावून अंधारात गप्प बसायचा सराव करावा लागतो. तो घरी येऊन ते सहज सांगतो आणि मला जेवण जात नाही. आपल्याकडे परवाना मिळणं कठीण आहे म्हणून जे वैतागतात, त्यांना हात जोडून सांगते, ती कठीण गोष्ट जपा.

पाटणचा_शेतकरी
ताई, तुमच्या पोराचं वाचून वाईट वाटलं. पण कठीण म्हणजे किती, हे जरा आमच्याकडून ऐका.

कोयनेच्या वरच्या अंगाला आमची वाडी. रानडुकरं भुईमूग उकरतात, गवे भात तुडवतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला ते चांगलंच झालं, जंगल राहिलं पाहिजे. पण रात्रीची राखण आम्हालाच करावी लागते. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. आजोबा गेल्यावर वारसाने परवाना नावावर करायला वडिलांनी किती खेटे घातले, ते घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. एक कागद झाला की दुसरा. पोलिसांचा अहवाल आला तर वनखात्याचा नाही. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, मग निवडणूक संपली तरी परत मिळायला चकरा. शेवटी वडिलांनी बंदूक कायमची जमा केली.

आमच्यासारख्याला जुनाट ठासणीच्या बंदुकीसाठी एवढं, आणि शहरातला पोरगा खोलीत बसून बंदूक छापणार. सरळ माणसालाच कायदा आडवा येतो, असं वाटतं ते उगाच नाही.

साताऱ्याची_वकील
शेतकरी दादा, तुमचा राग रास्त आहे. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना हा कायद्यातच वेगळा धरलेला प्रकार आहे, कलम १३ मध्ये. म्हणजे कायदा करणाऱ्यांना तुमची गरज माहीत होती. अडतं ते अंमलबजावणीत. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करू नयेत, छाननी समितीने व्यक्ती पाहून ठरवावं, असं उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. पुढच्या वेळी त्या आधारावर अर्ज करा. परवानाधारक शेतकऱ्याला त्रास दिल्याने एकही कट्टा कमी होत नाही, हे मी कोर्टातही बोलते.

तासगाव_द्राक्षे
अवांतर: गव्याला ठासणीच्या बंदुकीने काय होणार? गवा बघून आपणच पळतो.

पाटणचा_शेतकरी
गव्याला मारायचं नसतंच हो. आवाजाने कळप वळतो. मारला तर वनखातं आपल्याला वळवतं. डुकरासाठी काही जण गावठी बॉम्ब पेरतात, त्याने गुरांची तोंडं फाटतात, कुत्री मरतात. तेही बंद झालं पाहिजे.

अभियंता_विश्रामबाग
धागाकर्त्यांच्या नोंदवहीच्या मागणीला माझा विरोध आहे, आणि कळकळीने आहे.

मी मुलांना मशीन डिझाइन शिकवतो. थ्रीडी प्रिंटर हे आमच्या मुलांच्या हातात आलेलं मोठं वरदान आहे. मिरजेत शस्त्रक्रियेआधी हाडाचं मॉडेल छापून डॉक्टर त्यावर विचार करतात. दातांचे साचे छापले जातात. कृत्रिम हाताचं काम करणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. किर्लोस्करवाडीत १९१० मध्ये माळरानावर कारखाना उभा राहिला, नांगर आणि पंप बनले, त्यातून या सगळ्या भागाला यंत्राची सवय लागली. आज गावागावात लेथ आहे, वेल्डिंग आहे. त्यातल्या कशानेही हत्यार बनू शकतं. आपण लेथची नोंदणी केली नाही, मग प्रिंटरची कशासाठी?

नोंदणी आली की इन्स्पेक्टर आला, इन्स्पेक्टर आला की हप्ता आला. वाईट माणूस नोंदणी करणार नाही. प्रोजेक्ट करणारी मुलगी मात्र घाबरून प्रिंटर विकून टाकेल.

लेथवाला_कुपवाड
सर, मी यंत्राची नोंदणी म्हणत नाही. गिऱ्हाइकाची नोंद म्हणतोय. जुना मोबाईल विकायला गेलं तरी दुकानदार आधार मागतो. सिम कार्ड घेताना मागतो. लॉजवर मागतो. माझ्याकडे एखादा फाईल घेऊन आला तर नाव, फोन आणि पार्टचा उपयोग लिहून घेतला, यात मुलीने घाबरण्यासारखं काय आहे?

अभियंता_विश्रामबाग
तुम्ही स्वतःहून लिहिलंत तर कौतुकच आहे. सक्ती नको एवढंच माझं म्हणणं.

शाहूपुरी
मुद्दा काडतुसाचा आहे. बंदूक छापाल, काडतूस कुठून आणाल? आपल्याकडे परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिलेला असतो, दुकानदार नोंद करतो. बनवतात सरकारी कारखाने, खडकी, वरणगाव वगैरे. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेटीवर लक्ष ठेवलं तर फाईल घेऊन कोण काय करणार?

निवृत्त_हवालदार
काडतुसावर लक्ष हवंच, शंभर टक्के. कट्टा पकडला की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, गोळी कुणी दिली. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ८ जुलै २०२२, जपानमधलं नारा शहर. माजी पंतप्रधान शिंझो आबे प्रचाराच्या भाषणाला उभे होते. मारणाऱ्याने बंदूक घरीच बनवली होती आणि आतला दारूगोळाही. जपानसारखा कडक बंदूक कायदा जगात फार थोड्या ठिकाणी असेल. खात्यातल्या माणसाने तो व्हिडिओ पाहताना काय पाहिलं सांगू? पहिला बार झाल्यावर आजूबाजूचे रक्षक क्षणभर थबकले. आवाज ओळखीचा नव्हता.

कृष्णाकाठ
हे माहीत नव्हतं, म्हणजे दारूगोळाही घरचा होता हे. पण मग जपानने नंतर काय केलं?

साताऱ्याची_वकील
त्यांनी २०२४ मध्ये कायदा सुधारला. बेकायदा बंदूक बाळगायला चिथावणारा मजकूर नेटवर टाकणं गुन्हा ठरवलं. आणि त्याच्या दहा वर्षं आधी, २०१४ मध्ये, प्रिंटरवर पिस्तुलं बनवल्याबद्दल तिथे एकाला अटक होऊन दोन वर्षांची शिक्षा झाली होती.

इथे मला आपल्या कायद्यातली मोकळी जागा दिसते. वस्तू बनली की आपला कायदा पुरेसा कडक आहे. पण नुसती फाईल? १९५९ च्या कायद्याच्या मजकुरात फाईलचा उल्लेखच नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने २०१५ मध्येच बंदुकीचा डिजिटल आराखडा बाळगणं गुन्हा केलं. सिंगापूरने केलं. कॅनडाने २०२३ मध्ये केलं, पण तिथे बनवण्याचा किंवा वाटण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. मला कॅनडाची वाट बरी वाटते. हेतू धरला की शिक्षक, संशोधक, पत्रकार वाचतात.

अभियंता_विश्रामबाग
वकील ताई, हेतू कोण ठरवणार? कॉलेजच्या ग्रुपवर कुणी फाईल टाकली तर ती पन्नास मुलांच्या फोनमध्ये आपोआप उतरते. त्यातल्या एकाला उचललं तर त्याची पदवी, पासपोर्ट, सगळं लटकलं. निर्दोष सुटेपर्यंत पाच-सात वर्षं जातील.

साताऱ्याची_वकील
तुमची भीती खोटी नाही, असे अशील माझ्याकडे येतात. म्हणूनच आपोआप उतरलेली फाईल आणि जपून ठेवलेली, पुढे पाठवलेली, यंत्रावर चढवलेली फाईल यात कायद्याने फरक केला पाहिजे. कलम नीट लिहिलं तर करता येतो. न लिहिता सोडलं तर पोलीस दुसऱ्या कुठल्या तरी कलमात बसवतील, आणि तुमच्या विद्यार्थ्याला ते जास्त महाग पडेल.

नेमबाज_ताई
इतक्या चर्चेत आम्हा खेळाडूंचं नाव यावं म्हणून लिहिते. शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हापासून आमच्या रेंजवर मुलं वाढली आहेत. पालक दोनच प्रश्न विचारतात: परवाना लागतो का, आणि मुलगा बिघडणार नाही ना. सुरुवात एअर पिस्तूल आणि एअर रायफलने होते. .१७७ बोअर (नळीच्या छिद्राचं माप) आणि वीस ज्यूलपर्यंत ताकद असेल तर परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो.

दुसऱ्याचं उत्तर असं की रेंजवर पहिले कित्येक दिवस आम्ही नेम शिकवतच नाही. नळी कुठल्या दिशेला, बोट घोड्यापासून लांब, मागे कोण उभं आहे, एवढंच. ज्या मुलाने हे शिकलंय तो कमरेला कट्टा लावून रील काढत नाही. मला वाटतं आपल्या मुलांना बंदुकीची ओळख फक्त मोबाईलमधून होते, तिथे खरा घोळ आहे.

कराडचा_बंड्या
ताई, +१. आणि सातारा म्हणजे फौजींचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरीत घराघरात सैनिक आहेत. आमच्या मामांकडे बारा बोअरची बंदूक आहे, निवृत्तीनंतर बँकेच्या गाडीवर गार्ड होते. घरात आम्ही भाचे मंडळी उनाड, पण त्या कपाटाकडे बघायची हिंमत कुणाची नव्हती.

वाळव्याची_नात
मला वेगळा मुद्दा मांडायचाय. आपल्या भागाला हत्यारांचा एक इतिहास आहे. १९४२ नंतर प्रतिसरकार याच मातीत उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलचे जी. डी. बापू लाड, तुफान सेना. आमच्या आजीने भाकऱ्या पोचवल्या आहेत. तेव्हा इंग्रजांचा १८७८ चा शस्त्र कायदा होता, हिंदी माणसाच्या हातातून हत्यार काढून घेण्यासाठी केलेला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही लिहिलेला होता. मग स्वतंत्र देशाने आपल्याच माणसावर एवढा अविश्वास का दाखवावा?

निवृत्त_हवालदार
ताई, तुमच्या आजींना नमस्कार. त्या माणसांच्या हातातली बंदूक परक्या सरकारवर होती, आणि स्वराज्य आल्यावर ते लोक शेतीपाण्याच्या, धरणग्रस्तांच्या चळवळीत गेले. आज कट्टा सापडतो तो वाळूच्या भांडणात, जमिनीच्या सुपारीत, नाहीतर एकतर्फी प्रेमातून मुलीला धमकावण्यात. पंचनाम्याला जाऊन त्या घरातलं रडणं मी ऐकलंय. अविश्वास तुमच्या आजींवर नाही.

वाळव्याची_नात
काका, ते मान्य आहे. माझा राग परवान्यातल्या वशिल्यावर आहे. पुढाऱ्याच्या मागेपुढे करणाऱ्याला पिस्तुलाचा परवाना लगेच मिळतो, लग्नात हवेत बार काढतो, आणि पाटणच्या दादांना ठासणीची बंदूक मिळत नाही.

साताऱ्याची_वकील
लग्नातल्या बाराला २०१९ च्या दुरुस्तीत वेगळं कलम आलं. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली. तेव्हा ताई, व्हिडिओ असेल तर तक्रार करा. नात्यातलं लग्न म्हणून सोडू नका.

गणपती_मंडळ_मिरज
आम्हाला एक शंका आहे. यंदा मंडळाचा देखावा प्रतिसरकारवर करायचा आहे (वाळव्याच्या ताईंनी आजीची आठवण पाठवली तर फलकावर लावू). पोरांनी बंदुका प्रिंटरवर करायचं ठरवलंय, नुसत्या आकाराच्या. चालेल का?

साताऱ्याची_वकील
जे खेळण्याशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही आणि हत्यारात बदलता येत नाही, ते कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे. तुमची बंदूक भरीव असू द्या, आत पोकळ नळी नको, हलणारा घोडा नको. देखाव्याच्या परवानगीच्या अर्जातच "शोभेच्या प्रतिकृती" असं लिहा आणि फोटो जोडा. नकली हत्याराचं खऱ्यात रूपांतर करणं हा कलम ६ खाली वेगळा गुन्हा आहे, म्हणून विसर्जनानंतर त्या कुणाच्या घरी जाऊ देऊ नका.

तासगाव_द्राक्षे
पुठ्ठ्याच्या करा की. आमच्या वेळी पुठ्ठा आणि काळा रंग, तरी लोक लांबून भ्यायचे 😄

गणपती_मंडळ_मिरज
पुठ्ठा पावसात भिजतो हो 🙏 पण ताईंचं पटलं, भरीवच करू.

एक_आई_इस्लामपूर
मला कायदा कळत नाही. माझा मुलगा दहावीला आहे. त्याच्या मोबाईलमध्ये कट्टा हातात घेऊन, मागे गाणं लावून केलेल्या रील दिसल्या. त्यातला एक जण आमच्या मागच्या गल्लीतला. मुलाला विचारलं तर म्हणतो, "भाई आहे तो, त्याला सगळे घाबरतात." हे बोलताना त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं. मी काय करू?

नेमबाज_ताई
वहिनी, त्याला रविवारी रेंजवर घेऊन या. खरंच या. कौतुक वाटायला दुसरं काहीतरी मिळालं पाहिजे. व्यक्तिगत निरोपात फोन नंबर देते.

निवृत्त_हवालदार
ताई, त्या रीलचा स्क्रीनशॉट ठाण्यात द्या. रीलवरून किती गुन्हे उघड झालेत, हल्ली पोरं पुरावा स्वतःच टाकतात. तुमचं नाव पुढे येऊ देऊ नका, हे ठाणेदारांना आधीच सांगा. मुलाला तुम्ही दिलंत हे कळू नये याची काळजी घ्या, नाहीतर तो तुमच्याशी बोलायचा बंद होईल.

बाहेरचा_पाहुणा
सगळं ठीक, पण कट्टे बनवणारी ती एक जमातच आहे ना उमरटीकडे? तिचाच बंदोबस्त केला की झालं.

अभियंता_विश्रामबाग
जमातीवर बोट ठेवू नका. पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे लोक राजांच्या पदरी होते. राज्यं गेली, काम गेलं, हातातली कला उरली. बिहारच्या मुंगेरमध्ये तेच झालं. मीर कासिमने १७६० च्या दशकात तिथे बंदुकांचं काम वसवलं, आज तिथल्या चोरट्या बंदुका देशभर पकडल्या जातात. ज्याचे हात एवढे कुशल आहेत त्याला आपण सीएनसीवर रीतसर काम दिलं असतं तर? गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, अख्ख्या वस्तीला नाही.

लेथवाला_कुपवाड
सर, हे फार आवडलं. माझ्याकडचा सगळ्यात चांगला फिटर शाळा सोडलेला आहे.

मंडळी, वकील ताईंनी सांगितल्याप्रमाणे लेखी अर्ज दिला, पोच घेतली, फुटेजही दिलं. अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. आजूबाजूच्या शेडवाल्यांशीही बोललो. त्यातल्या एकाकडे तसाच मुलगा "फक्त एक नळी" मागायला येऊन गेला होता. त्यानेही काम केलं नव्हतं, पण तो गप्प बसला होता. आता त्यालाही सोबत नेणार आहे. तोच मुलगा असेल की दुसरा, ते पोलीस बघतील.

निवृत्त_हवालदार
शाब्बास. वर मी विचारलं होतं ना, एका खोलीत एक माणूस असेल तर खबर देणार कोण? हे बघा उत्तर. सगळंच काही घरच्या प्रिंटरवर होत नाही, काही ना काही करून घ्यायला तो कुठल्यातरी शेडवर येतोच. तुम्ही शेडवाले बोललात तर साखळी पुन्हा दिसायला लागते.

अभियंता_विश्रामबाग
सक्तीला विरोध कायम आहे. पण शेडवाल्यांनी आपणहून पाळायची नोंद असेल तर मजकूर मी लिहून देतो, आमच्या कॉलेजच्या लॅबलाही तोच लावेन. लॅबमध्ये काय छापलं याची नोंद मुलं तशीही ठेवत नाहीत, वाया गेलेलं मटेरियल कुणाच्या नावावर टाकायचं हा दर महिन्याचा वाद असतो.

लेथवाला_कुपवाड
सर, लगेच द्या. मी दारावर लावायला असं लिहिलंय, बघा: "सुट्या पार्टच्या कामासाठी नाव, फोन, ओळखपत्र आणि पार्टचा उपयोग लिहून द्यावा. बिलाशिवाय काम होणार नाही. बंदूक, पिस्तूल किंवा त्याचा कुठलाही भाग येथे बनत नाही. असे काम घेऊन येणाऱ्याची माहिती पोलिसांना दिली जाते."

साताऱ्याची_वकील
"शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ आणि ३६" एवढं खाली टाका. आणि फाईलची प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवू नका. तपासात लागलीच तर मूळ पेन ड्राइव्ह कुणाकडे होता ते सांगा.

पाटणचा_शेतकरी
कुपवाडकर, बोर्ड मोठ्या अक्षरात करा. आणि वकील ताई, वारसाच्या परवान्याचे कागद घेऊन मी सोमवारी साताऱ्याला येतोय. वडील पण येणार म्हणतात.

साताऱ्याची_वकील
या. जुना परवाना, बंदूक जमा केल्याची पावती आणि सातबारा सोबत आणा. अकरानंतर मी कोर्टात असते, त्याआधी या.